कॅमेरे आमच्या घरावर, चावी बसवणाऱ्याच्या खिशात

डिचोली तालुक्यातल्या आमच्या घरी आई-बाबा दोघंच असतात. मागे कुळागर आहे, तिथून सुपारी चोरीला जायला लागली, म्हणून पावसाळ्याआधी नेटवर्क कॅमेरे बसवून घेतले. बसवणारा ओळखीतून आलेला. सहा कॅमेरे, रेकॉर्डर, हार्ड डिस्क आणि वायरिंग धरून त्याने ५८ हजार रुपये घेतले. तक्रार दाखल असल्यामुळे त्याचं नाव लिहीत नाही. पण त्याने काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण आमच्याच वाड्यावर त्याने काम केलेली आणखी घरं आहेत.

पहिला संशय कुळागराच्या टोकाच्या कॅमेऱ्यामुळे आला. दिवसा ठणठणीत, आणि तिन्हीसांज झाली की बंद. थोड्या वेळाने आपोआप चालू, परत बंद. फोन केला की उत्तर ठरलेलं: "काका, पावसात लाइट वर-खाली होते, त्याला मी काय करू?" आमच्याकडे पावसाळ्यात लाइटीचा भरवसा नसतो, त्यामुळे हे कुणालाही पटावं असंच उत्तर. पण बाकीचे पाच कॅमेरे त्याच लाइटीवर रात्रभर चालायचे, त्यांना काही होत नव्हतं.

नेटवर्कचंच काम करणारा माझा मावसभाऊ चवथीला आला होता. त्याने त्या वायरचं टोक कापलं, आतली एक बारीक तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस मुलामा निघाला आणि खाली पांढरंफटक ॲल्युमिनियम दिसलं. कोटेशनमध्ये 'प्युअर कॉपर' लिहून त्याचेच पैसे घेतले होते. या कॅमेऱ्यांना वीज वेगळी येत नाही, ती याच नेटवर्क केबलमधून जाते. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला जास्त वीज लागते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त, त्यात वायर लांब. टोकाला पोहोचेपर्यंत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होत राहतो. चांगली तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत हे काम करते. आमचं अंतर त्याच्या आतच होतं.

मग रेकॉर्डर तपासायला घेतला, आणि खरी फसवणूक तिथे निघाली.

रेकॉर्डरचा ॲडमिन पासवर्ड आम्हाला दिलेलाच नव्हता. मोबाइलवर चित्र दिसत होतं, पण ॲपमध्ये उपकरणाच्या नावाखाली 'शेअर्ड' असं लिहिलेलं. म्हणजे रेकॉर्डर त्याने स्वतःच्या खात्याला जोडला होता आणि आम्हाला फक्त बघायची परवानगी दिली होती. मालक तो, पाहुणे आम्ही. पासवर्ड विसरल्यावर जो कोड येतो तोही त्याच्याच ईमेलवर जाणार. ओसरी, अंगण, विहिरीकडची बाजू, आई तिथे कपडे वाळत घालते ती दोरी, हे सगळं तो त्याच्या फोनवर हवं तेव्हा बघू शकत होता. हे कळल्यावर आईने त्या बाजूला जायचंच सोडलं. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं.

पासवर्ड मागितला तर म्हणाला, "आधी वर्षाचं मेंटेनन्सचं करा, मग देतो." बाबांनी नकार दिला आणि त्याच संध्याकाळी मोबाइलवरचं चित्र गेलं. कंपनीच्या सेवा केंद्राने सांगितलं, जुन्या खात्यातून उपकरण सोडवून देतो, पण सीरियल नंबर असलेलं खरेदीचं बिल दाखवा. आमच्याकडे होता साध्या कागदावरचा हिशेब. पक्कं बिल मागितल्यावर "जीएसटी वर लागेल" म्हणून त्याने ते टाळलं होतं, ते कशासाठी हे आता उघड झालं.

राउटरमध्ये त्याने बाहेरून थेट आत येण्यासाठी पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची दारं, उघडे ठेवले होते, त्यात ५५४ नंबरचा पोर्ट सुद्धा, ज्यावरून कॅमेऱ्याचं व्हिडिओ जातं. शेजारच्या काकांकडेही त्याचंच काम. त्यांना विचारून, त्यांच्यासमोर पाहिलं: त्यांचा आणि पलीकडच्या घराचा कॅमेऱ्याचा पासवर्ड एकच! एका घरचा फुटला की सगळ्यांचा फुटला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर असेच ताब्यात घेतले होते, साठेक ठरावीक पासवर्ड वापरून बघत. सरकारने आता सीसीटीव्हीला सुरक्षा चाचणी सक्तीची केली आहे, ते चांगलंच झालं. पण कॅमेरा कितीही चाचणीतून आलेला असो, चावी बसवणाऱ्याकडे राहिली तर त्या चाचणीचा उपयोग काय?

हार्ड डिस्क नवीन म्हणून दिली होती. उघडून संगणकाला लावली तर ती आधीच सुमारे २६ हजार तास, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं चाललेली निघाली.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली आहे, आणि खात्यावरच्या ताब्याबद्दल रायबंदरच्या सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला फी लागत नाही, तिथेही जाणार आहोत. तोवर राउटरमधले पोर्ट बंद केलेत आणि रेकॉर्डरची इंटरनेटची वायर काढली आहे. रेकॉर्डिंग घरच्या टीव्हीवर दिसतं.

तुम्ही काम करून घेणार असाल तर खातं तुमच्याच मोबाइल नंबरावर आणि ईमेलवर, तुमच्यासमोर उघडायला लावा. ॲडमिन पासवर्ड तुम्ही स्वतः टाइप करा. वायर भिंतीत जाण्याआधी खरवडून बघा, आणि सीरियल नंबरांसकट पक्कं बिल हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. कॅमेरे आधीच लागलेले असतील तर आज ॲप उघडून उपकरणाच्या नावाखाली 'शेअर्ड' लिहिलंय का तेवढं बघा. लिहिलेलं असेल, तर त्याला काही कळवण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आमच्याकडे तो होता म्हणून पोलिसांना दाखवता आला.