40 लिटरची बॅग की 65 लिटरची? सहा महिन्यांच्या प्रवासाला निघण्याआधी

डिचोलीची माझी भाची दिवाळी झाली की सहा महिन्यांसाठी बाहेर पडतेय. आधी व्हिएतनाम, लाओस, थायलंड आणि मार्चमध्ये नेपाळ. तिकिटं काढून झाली, पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिन्यांहून जास्त उरते हे बघून झालं. घोडं अडलंय ते बॅगेपाशी. गेल्या आठवड्यात तिने तीनदा फोन केला, "मावशी, चाळीस की पासष्ट?" मी दोन्ही पाठीवर वागवल्या आहेत, म्हणून तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. स्वतःचा तंबू पाठीवर नेणार नसाल तर 40.

पहिल्या मोठ्या प्रवासाला मी 65 लिटरची नेली होती. एवढी मोठी बॅग केबिनमध्ये, म्हणजे विमानात आपल्याजवळ, ठेवता येत नाही; काउंटरवर सोपवावी, म्हणजे चेक-इन करावी लागते. हनोईला सामानाच्या पट्ट्यावरची शेवटची बॅग कुणीतरी उचलली, पट्टा थांबला, आणि मी रिकाम्या हाताने उभी. बॅग तिसऱ्या दिवशी मिळाली. कपड्यांचं सोडा, रक्तदाबाच्या गोळ्याही तिच्यात होत्या. बॅग कुठलीही घ्या, पण औषधं आणि कागदपत्रं अंगावरच्या छोट्या पिशवीत ठेवा.

गोव्यातून निघणाऱ्यांना यात आणखी एक गोम आहे. विमानतळ दाबोळीचा असो की मोपाचा, आपल्याला बहुतेक वेळा मुंबई, बेंगळुरू किंवा दिल्ली गाठून पुढचं विमान धरावं लागतं, आणि स्वस्त पडतात म्हणून तिकिटं वेगवेगळी काढली जातात. अशा वेळी चेक-इन केलेली बॅग सहसा आपोआप पुढे जात नाही. ती घ्यायची, पुन्हा रांगेत उभं राहायचं, पुन्हा द्यायची. हीच अदलाबदल परदेशातल्या विमानतळावर असेल तर बॅग घेण्यासाठी इमिग्रेशन ओलांडावं लागतं, म्हणजे नुसतं विमान बदलायलाही त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. बॅग पाठीवरच असेल आणि पुढचा बोर्डिंग पास आधीच हातात असेल तर ही कटकट टळते.

पण 40 लिटर म्हटलं की केबिनमध्ये चाललीच, असं समजू नका. एअरएशिया या स्वस्त विमान कंपनीची मर्यादा 56 × 36 × 23 सेंटीमीटर आणि 7 किलो; त्या 7 किलोंत खांद्यावरची छोटी पिशवीही धरतात. ठासून भरली की बॅगेचं पोट 23 सेंटीमीटरच्या पुढे जातं. म्हणून मी भाचीला सगळं सामान पलंगावर मांडून तोलायला लावलं. रिकामी बॅग दीड किलो. चार टी-शर्ट, दोन पँट, एक हाफ पँट, आतले कपडे, मोजे, एक फ्लीस आणि पावसाळी जाकीट मिळून 2 किलो 600 ग्रॅम. पातळ टॉवेल 150, सँडल 500, औषधं आणि साबण-पेस्ट 800, चार्जर, पॉवर बँक आणि हेडलॅम्प 800. बेरीज 6 किलो 350 ग्रॅम. एवढ्यात सहा महिने निघतात, कारण कपडे चार-पाच दिवसांनी धुवायचेच असतात.

65 लिटरवाल्यांची बाजूही खरी आहे. चांगल्या मोठ्या बॅगेला पाठीची चौकट आणि जाड कंबरपट्टा असतो. 14-15 किलोंचं बरंचसं ओझं खांद्यावरून कमरेवर उतरतं. किर्गिझस्तानात तंबू, स्लीपिंग बॅग, चूल घेऊन आठवडाभर डोंगरात राहायचं असेल तर 40 मध्ये भागणार नाही. चाकू आणि ट्रेकिंगच्या काठ्या चेक-इनमध्ये घालता येतात, केबिनमध्ये द्रव पदार्थ 100 मिलिलिटरच्याच बाटल्यांत न्यावे लागतात, ती चिंता नाही. पॉवर बँक मात्र तेव्हाही केबिनमध्येच.

नेपाळसाठी भाचीला मोठी बॅग हवीशी वाटत होती. अन्नपूर्णा परिक्रमेत थोरोंग ला ही खिंड 5,416 मीटरवर, थंडी कडक. पण जाड जाकीट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूच्या ठमेलमध्ये किंवा पोखऱ्यात भाड्याने मिळतात. नेपाळमधल्या तीन आठवड्यांच्या थंडीसाठी आधीचे सगळे महिने ते ओझं का वाहायचं?

मोठ्या बॅगेचा दुसरा त्रास म्हणजे जागा दिसली की ती भरते. आणि भरायला घरचे तयारच असतात. द्यायचीच तर सोलं द्या, वजनाला काहीच नाहीत. लोणच्याची बरणी केबिनच्या तपासणीत अडते, आणि सुकं खोबरं चेक-इनमध्येही चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून बंदी आहे.

भाचीला चुलतभावाची जुनी 65 लिटरची फुकट मिळत होती. माळ्यावरून काढली तेव्हा बाहेरून धडधाकट. आत हात घातला तर बोटं चिकटली, नखाला पांढरे पापुद्रे लागले. आतला पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत विरघळत जातो, आणि चार पावसाळे बंद माळ्यावर काढलेल्या बॅगेचं आपल्याकडे असंच होतं. ती पाणी अडवणार नाही आणि सगळ्या कपड्यांना वास लागेल. जुनी बॅग घेताना आतून बोट फिरवा, वास घ्या, मगच हो म्हणा.

लिटरपेक्षा मापाकडे जास्त लक्ष द्या. मान खाली घातल्यावर पाठीमागे जे हाड टोचतं तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. बॅगेची पाठ त्याला जुळली नाही तर कंबरपट्टा पोटावर बसतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. भाची पाच फूट एक इंच. पर्वरीच्या दुकानात पुरुषांच्या मापाची 40 तिला लांब पडली, बायकांच्या मापाची नीट बसली. पुढून पूर्ण उघडणारी चेन असलेली तिने घेतली; वरून उघडणाऱ्या बॅगेत तळातला मोजा काढायला सगळं उपसावं लागतं.

दिवाळीनंतर निघणार असाल तर बॅग गणेश चवथीआधीच घ्या. सात किलो उकडे तांदूळ भरून पणजीच्या कदंब बसस्थानकावरून मळ्यात चालत जा आणि मारुतीच्या देवळाकडून आल्तिन्हो चढा, भर दुपारी. वर पोचेपर्यंत खांदे दुखले तर पट्टे पुन्हा बसवून बघा. तरीही दुखले तर बॅग बदलायला अजून वेळ आहे.