पंचवीस वर्षं, पाच कोर्स आणि फुटलेला सॉस

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली ती फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी. गुरुवारी ही मांस-मच्छी खात नाही आणि किटवाले, म्हणजे रेस्टॉरंटचं अर्धंअधिक तयार जेवण घरी पुरं करायला पाठवणारे, डिलिव्हरी देतात फक्त शुक्रवारी. मग लग्नाचा वाढदिवस शनिवारी करायचा ठरला.

लंडनमधल्या एका नावाजलेल्या रेस्टॉरंटचं हे दोघांसाठीचं पाच कोर्सचं किट. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. किंमत 145 पौंड, डिलिव्हरी 9.95 वेगळी. तोच मेन्यू तिथे जाऊन खाल्ला तर माणशी 98 आणि वर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे वाइन न धरता 220 च्या घरात. आम्ही रेडिंगला राहतो. लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन गाडीनं अर्ध्या तासाच्या आत येतं, पण रात्री उशिरा थंडीत फलाटावर उभं राहण्याची हौस आता उरलेली नाही. 20 मार्च 2020 ला कोविडमुळे सरकारनं इथली रेस्टॉरंटं बंद केली, तेव्हा अनेकांनी तग धरायला अशी किटं काढली. बऱ्याच जणांनी नंतर गुंडाळलीही. यांचं टिकलंय.

खोका शुक्रवारी सकाळी अकराला आला. आत मेंढीच्या लोकरीचं अस्तर, बर्फाच्या पिशव्या आणि छोटेमोठे तेवीस डबे-पाऊच. मी मोजले, कारण फ्रिजमधला एक अख्खा कप्पा रिकामा करावा लागला. दह्याचं पातेलं आणि इडलीचं पीठ बाहेर काढल्याबद्दल जे ऐकून घेतलं, ते किटच्या किमतीत धरलेलं नाही.

सोबत सूचनांचं कार्ड. काळ्या कागदावर राखाडी बारीक अक्षरं. ज्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालीत त्यांना चष्मा लागतो, हे डिझाइनवाल्याच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. पाऊचांवर फक्त आकडे: 3अ, 3ब, 4ड. मी शुक्रवारी रात्री बसून सगळं मराठीत वेळेनुसार लिहून काढलं आणि फ्रिजवर चिकटवलं. तुम्हीही तसंच करा. त्या एका कागदानं मला तारलं.

पाव अर्धवट भाजून पाठवलेला असतो, घरी ओव्हनमध्ये आठ मिनिटं ठेवायचा. उत्तम. बीट आणि शेळीच्या दुधाच्या चीजचं ताट बरं होतं, फार आठवणीत राहिलं नाही.

मग मासा. कॉडचे दोन जाड तुकडे, त्यावर ब्यूर ब्लाँ. म्हणजे व्हाइट वाइन, व्हिनेगर आणि बारीक कांदा आटवून त्यात थंड लोणी घुसळत केलेला सॉस. तो तयारच येतो. कार्डावर एवढंच होतं की पाऊच गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा. मी ठेवला, आणि पाणी खाली उकळतच राहिलं. पाऊच कापला तर वर पिवळं तूप, खाली आंबट पाणी. मी मासा उलटण्यात गुंतलेला. ही टेबलावरून उठून आली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "अहो, कढी फुटलीय तुमची."

बरोबर तेच झालं होतं. कढीला जशी खळखळून उकळी देत नाहीत, तशी यालाही द्यायची नसते. इथे लोणी आहे, तिथे दही, पण जास्त आच लागली की दोन्ही साथ सोडतात. हिनं पातेलं खाली उतरवलं, चमचाभर थंड क्रीम घातलं आणि हळूहळू घोटत राहिली. दोन मिनिटांत सॉस परत एकजीव. हिच्याच समारंभात हिला उठावं लागलं याचं मला वाईट वाटलं, हिला मात्र मुळीच वाटलेलं दिसलं नाही. "पाणी उकळून शेगडी बंद करा, मग पाऊच सोडा" एवढं एक वाक्य कार्डावर हवं होतं. मी ईमेल केला. दिलगिरीचं उत्तर आणि पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट आली. म्हणजे चूक त्यांची आणि खर्च पुन्हा माझाच.

बदक मात्र मन लावून केलं आणि जमलं. छातीचे दोन तुकडे, कातडीवर सुरीनं चिरा. हे थंड तव्यात ठेवायचे, कातडी खाली, आणि मग मंद आच. तापल्या तव्यात टाकले तर कातडी वरून करपते आणि आतली चरबी तशीच राहते. बारा मिनिटांत अर्धी वाटी चरबी सुटली, आणि स्मोक अलार्मही वाजला. मुलगा लीड्सहून व्हिडिओ कॉलवर होता, त्यानं सगळ्यात आधी विचारलं, "बाबा, तुम्ही करताय का?" नंतर उलटून दोन मिनिटं, ओव्हनमध्ये चार, आणि कापण्याआधी आठ मिनिटं तसंच ठेवायचं. ही आठ मिनिटं सोडू नका. आमच्या कोल्हापूरकडे मांस असं आत गुलाबी ठेवलं तर आचाऱ्याला परत पाठवतील. हिनं पहिला घास जरा संशयानंच घेतला, दुसरा नाही.

पण 145 पौंड का मोजायचे याचं खरं उत्तर 4क लिहिलेल्या चिमुकल्या पाऊचमध्ये होतं. बदकाची हाडं भाजून, तासन्तास उकळून, गाळून, आटवलेला रस. फ्रिजमधून काढला तेव्हा पायाच्या सुपासारखा थरथरत होता, तापवल्यावर चमच्याला चिकटून बसेल असा दाट झाला. शेवटी ब्लड ऑरेंजची, म्हणजे लाल गराच्या संत्र्याची, आंबट-कडसर चव. मटणाचं ताट म्हटलं की आम्ही तांबडा-पांढऱ्यावरून माणसाची पारख करणारे लोक, त्यामुळे रस्सा कळतो. बदक, कोबी, बटाटे मी बाजारातून आणू शकतो. हा रस घरी करायचा तर दोन दिवस आणि हाडांचं पोतं पाहिजे. तो वाटीभर तरी द्यायला हवा होता, दिला चार-पाच चमचे. ही पावानं ताट पुसून घेत होती. फाइन डाइनिंगमध्ये तसं करता आलं असतं का, कोण जाणे.

चॉकलेट टार्ट तयार येतो, फक्त कापायचा. छान. ओव्हन पहिल्यांदा सहा वाजून दहा मिनिटांनी लावला होता, टार्ट संपला पावणेदहाला. त्यातला तासभर तरी ही एकटी टेबलावर बसली होती. रेस्टॉरंटमध्ये निदान दोघं समोरासमोर असतो. हे किट घेताना एवढं मनाशी पक्कं करा: चव तिथलीच येते, निवांतपणा येत नाही.

भांडी निघाली अकरा, ताटं वेगळी. प्लॅस्टिकचे डबे कौन्सिलच्या (इथल्या पालिकेच्या) रिसायकलिंगच्या कचऱ्यात चालले, मऊ पाऊच मात्र धुऊन सुपरमार्केटच्या दारातल्या पेटीत टाकावे लागले. चरबी मी गाळून बरणीत भरून ठेवली. रविवारी हिनं त्यात बटाट्याचे काप परतले, वरून कांदा-लसूण मसाला. त्याला कार्ड लागलं नाही.

मागवायचं असेल तर ऑर्डर मंगळवारी दुपारच्या आत द्यावी लागते. चौघांसाठीचंही किट मिळतं, पण घरात एकच मोठा तवा असेल तर त्या वाटेला जाऊ नका. बदकाचे चार तुकडे एका तव्यात मावत नाहीत, आणि दोन घाण्यांत केलं तर पहिला थंड होतो.