मोटारीचं इंजिन, स्वतः बांधलेलं विमान: वापरानंतरचा अनुभव

माझ्या दोन आसनी विमानाच्या नाकात मोटारीचं इंजिन आहे. चार सिलिंडर, दीड लिटर, पाण्यावर थंड होणारं, फ्युएल इंजेक्शनचं. पुढे गिअरबॉक्स आणि त्यावर जमिनीवर कोन बदलता येणारा तीन पात्यांचा प्रोपेलर. शक्ती साधारण शंभर अश्वशक्ती. ते हवेत नेल्याला आता बरेच महिने झाले, थंडीही पाहिली आणि कडक उन्हाळाही. इंजिनाचं किट (विमानात बसवायचा जोडणीसंच) कुठल्या विक्रेत्याचं हे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे ते या जातीच्या बहुतेक इंजिनांना लागू पडतं.

होमबिल्टवाल्यांमध्ये, म्हणजे स्वतः विमान बांधणाऱ्यांमध्ये, इंजिनाचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, लायकमिंग नाहीतर काँटिनेंटल, म्हणजे खास विमानांसाठी बनलेलं इंजिन लावा, बाकी सगळं जिवावरचं खूळ. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, विमानाची इंजिनं म्हणजे १९५० च्या दशकातलं तंत्रज्ञान, त्यावर सोन्याचा भाव लावून आपल्याला लुबाडतात. दोन्ही बाजूंना मी भरपूर ऐकलं आणि मग स्वतः वापरून पाहिलं. आता मला वाटतं की दोघंही चुकीच्या वस्तूबद्दल भांडतात. भांडण असतं इंजिनाच्या ब्लॉकबद्दल, म्हणजे सिलिंडर-पिस्टनच्या मूळ धडाबद्दल. ब्लॉकने मला या सगळ्या काळात काडीचाही त्रास दिला नाही. जे काही काम पडलं ते ब्लॉकच्या बाहेर: गिअरबॉक्स, रेडिएटर, पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा, की मोटारीचं इंजिन रस्त्यावर जेमतेम पाव शक्तीवर चालतं, विमानात त्याला तासन्तास पाऊण शक्ती द्यावी लागते, ते टिकणार कसं? पहिला भाग खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. मोटार कंपन्या नवं इंजिन बाजारात आणण्याआधी टेस्ट बेंचवर पूर्ण थ्रॉटलवर शेकडो तास पळवतात. पाऊण शक्तीवर माझ्या इंजिनाच्या तेलाचं तापमान आणि दाब इतके स्थिर राहतात की काटे चिकटलेत की काय, असं सुरुवातीला वाटायचं. दर वेळी तेल बदलताना फिल्टर कापून पाहतो, कागदाच्या घड्यांत धातू सापडत नाही.

दुसऱ्या तटाचा आवडता आक्षेप, की लायकमिंग म्हणजे जुनाट अवजड धूड, तोही मला पटत नाही. त्यांचं ओ-३२० हे इंजिन ५.२ लिटरचं आणि शक्ती फक्त १५० ते १६० अश्वशक्ती. मोटारीच्या हिशेबाने हे हास्यास्पद वाटतं, पण ती शक्ती मिनिटाला २७०० फेऱ्यांना मिळते, आणि प्रोपेलरला नेमकं तेच हवं असतं. पावणेदोन मीटर व्यासाचा प्रोपेलर २७०० फेऱ्यांना फिरला तर पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २४७ मीटर वेगाने जातं. तोच प्रोपेलर थेट मोटारीच्या इंजिनाला जोडून ५५०० फेऱ्यांवर फिरवला तर टोक ध्वनीच्या वेगाच्या कितीतरी पुढे जाईल. आवाज प्रचंड होईल आणि ओढ मिळणार नाही. म्हणून मध्ये गिअरबॉक्स लागतो. लायकमिंगच्या रचनाकारांनी गिअरबॉक्स टाळण्यासाठी मोठं, संथ इंजिन पत्करलं. तो त्यांचा मागासलेपणा नव्हता, विचारपूर्वक केलेला सौदा होता.

एके काळी मोटारींची इंजिनंही संथच होती. १९२९ मध्ये बर्नार्ड पिटनपोल यांनी आपल्या एअर कँपर या विमानाला फोर्ड मॉडेल ए चं इंजिन लावलं, ते ३.३ लिटरचं आणि ४० अश्वशक्तीचं. त्याला प्रोपेलर थेट जोडता आला. पुढे त्यांनीच शेव्हरले कॉर्वेअर या मोटारीचं हवेवर थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिनही वापरलं, आणि ते आजही उडतं. पण त्याची कहाणी बोलकी आहे. काही विमानांत त्याचे क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) तुटले, कारण मोटारीत त्या शाफ्टच्या टोकावर प्रोपेलरचा वाकवणारा भार कधी आलाच नव्हता. उपाय म्हणून पुढच्या टोकाला एक जादा बेअरिंग बसवायची पद्धत रूढ झाली. इंजिन वाईट नव्हतं. त्याला नवं काम दिलं होतं आणि त्या कामाचा हिशेब कुणीतरी नव्याने मांडायला हवा होता.

गिअरबॉक्सचं तेच आहे. सिलिंडरमधला प्रत्येक स्फोट क्रँकशाफ्टला पिळतो आणि सोडतो, ओला कपडा पिळून सोडावा तसा. मोटारीत ही पिळाची कंपनं फ्लायव्हील आणि क्लचच्या स्प्रिंगा शोषून घेतात. विमानात दुसऱ्या टोकाला प्रोपेलर असतो, आणि तो सहजासहजी वेग बदलू देत नाही. दोघांच्या कंपनांचा ठेका एखाद्या फेऱ्यांच्या टप्प्यात जुळला तर गिअरचे दात आणि शाफ्ट यांच्यावर सरासरीच्या कितीतरी पट भार येतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून या गिअरबॉक्सना हलका, लाकडी किंवा कंपोझिट प्रोपेलर लावायला सांगतात, आणि मध्ये रबराचं कपलिंग असतं. माझ्याकडे १७०० फेऱ्यांखाली गिअरबॉक्स स्पष्ट खडखडतो. मी आयडल, म्हणजे इंजिनाचा किमान वेग, १८०० ला ठेवला आहे. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, ब्रेक जरा जास्त लागतो, ते चालतं. गिअरबॉक्सच्या तेलातला चुंबकी प्लग ठरल्या वेळी काढून पाहतो: करड्या लोण्यासारखी बारीक भुकटी ठीक, चमकणारी चकती दिसली तर उड्डाण बंद. अजून चकती दिसलेली नाही.

प्रमाणित, म्हणजे विमानासाठी सरकारी प्रमाणपत्र मिळालेल्या, इंजिनांनाही हा भाग सुटलेला नाही. थीलर्ट कंपनीने मर्सिडीजच्या १.७ लिटर डिझेल इंजिनावरून विमानाचं इंजिन बनवलं, २००२ मध्ये त्याला प्रमाणपत्र मिळालं, तरी गिअरबॉक्स दर ३०० तासांनी तपासणीसाठी उतरवावा लागायचा. पोर्शने १९८० च्या दशकात ९११ च्या इंजिनावरून पीएफएम ३२०० बनवलं, ते मूनी कंपनीच्या छोट्या विमानात बसलं, पण विमानं मोजकीच विकली गेली आणि उत्पादन थांबलं. पैसा, अभियंते, नाव, सगळं असणाऱ्यांची ही स्थिती. घरच्या गॅरेजमध्ये सहज जमेल असं कुणी सांगत असेल तर त्याला गिअरबॉक्सच्या कंपनांचं मोजमाप मागा.

आता थंडाव्याबद्दल, कारण माझा सर्वात जास्त वेळ त्यातच गेला. पाण्यावर थंड होणारं इंजिन जेवढी शक्ती प्रोपेलरला देतं, ढोबळमानाने त्याच्या जवळपास जाईल इतकी उष्णता रेडिएटरमध्ये टाकतं. मोटारीत पूर्ण शक्ती काही सेकंद लागते. विमानात उड्डाणानंतर कित्येक मिनिटं पूर्ण शक्ती, वेग कमी, नाक वर: हवा सर्वात कमी असते तेव्हाच उष्णता सर्वात जास्त. थंडीत काहीच जाणवलं नाही. उन्हाळा लागला आणि चढाई पूर्ण होण्याआधीच काटा पिवळ्या पट्ट्यात जायला लागला. ओळखीच्या सगळ्यांचा सल्ला एकच, हवा आत घेणारं पुढचं तोंड मोठं करा. मी आधी दाब मोजले, रेडिएटरच्या पुढे आणि मागे प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या लावून. पुढे दाब पुरेसा होता. हवा मागून बाहेर पडत नव्हती. काउलिंगच्या (इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) खालचं, हवा बाहेर सोडणारं तोंड रुंद केलं, त्याला खाली झुकलेली कड दिली, आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी सिलिकॉनच्या पट्टीने बंद केल्या, जेणेकरून हवा त्याला वळसा घालून निसटू नये. पुढचं तोंड होतं तेवढंच ठेवलं. त्याच हवामानात, त्याच वजनाला आता काटा हिरव्यात राहतो. क्रूझमध्ये, म्हणजे सरळ समतल उड्डाणात, उलट पाणी जास्तच थंड होतं, म्हणून हिवाळ्यात रेडिएटरचा काही भाग झाकावा लागतो.

पाण्याच्या तापमानाबरोबर दाबाचाही मीटर लावाच, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. पाणी गळून गेलं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो, आणि कोरडा सेन्सर चक्क कमी तापमान दाखवतो. वैमानिकाला वाटतं सगळं छान चाललंय. दाबाचा मीटर गळती सुरू झाल्याबरोबर बोलतो.

वीज हा तिसरा मोठा फरक. लायकमिंगचे मॅग्नेटो (इंजिनासोबत फिरणारे छोटे वीजजनित्र) स्वतःची ठिणगी स्वतः बनवतात. बॅटरी आणि आल्टरनेटर दोन्ही मेले तरी इंजिन चालू राहतं. माझ्या इंजिनात पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, इग्निशन, कंट्रोल युनिट, सगळं विजेवर. वीज गेली की इंजिन गेलं. म्हणून दोन बॅटऱ्या, दोन पंप, आणि इंजिनासाठी वेगळी वायरिंग, जिच्यात रेडिओ-दिवे यांचा काहीही संबंध नाही. आल्टरनेटर बंद करून एका बॅटरीवर इंजिन किती वेळ चालतं ते जमिनीवर प्रत्यक्ष चालवून पाहिलं आणि तो आकडा पॅनेलवर लिहून ठेवला आहे. पेट्रोलचंही तसंच. इंजेक्शनमध्ये जास्तीचं गरम पेट्रोल टाकीकडे परत जातं, म्हणून परतीची नळी कुठल्या टाकीत जाते आणि टाकी बदलली की तीही बदलते का, हे आधी ठरवावं लागतं. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१२ मध्ये होमबिल्ट विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इंजिन-यंत्रणेतले बिघाड आणि हवेत ताबा सुटणं ही कारणं सर्वात वर होती, आणि पेट्रोल यंत्रणेची जमिनीवर नीट चाचणी घ्यावी अशी शिफारस होती. ती मी शब्दशः पाळली.

आता जे मनापासून आवडलं ते. इंजिन गरम असो की थंड, एका किल्लीत सुरू होतं. कार्ब्युरेटर नाही, त्यामुळे त्यात बर्फ धरायची भीती नाही. मिश्रणाचा लीव्हर नाही. उतरताना शक्ती पटकन कमी केली तरी सिलिंडर अचानक गार पडण्याची चिंता नाही. कंपन इतकं कमी की पहिल्यांदा शेजारी बसणारा प्रत्येक जण तेच बोलतो. साधं बिनशिशाचं पेट्रोल चालतं. प्लग, फिल्टर, सेन्सर मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात.

खर्चाबद्दल मात्र स्वच्छ बोलायला हवं. मूळ इंजिन खरंच स्वस्त पडतं. मग गिअरबॉक्स, रेडिएटर, कंट्रोल युनिट, इंजिन माउंट, दुसरी बॅटरी, दुसरा पंप, आणि काउलिंगवर गेलेले असंख्य शनिवार-रविवार. पेट्रोल तासाला १८ ते २० लिटर जातं. त्याच शक्तीच्या काँटिनेंटल ओ-२०० च्या तुलनेत फरक आहे, पण बोलबाला होतो तेवढा नाही. रेडिएटर आणि पाणी धरून वजनही ओ-२०० च्या आसपासच जातं, आणि रोटॅक्स ९१२ यूएलएस हे हलक्या विमानांचं शंभर अश्वशक्तीचं इंजिन या दोघांपेक्षा बरंच हलकं. विमान विकताना किंमत कमी येते, विमा कंपन्या जास्त प्रश्न विचारतात. अमेरिकेत तर नियमातच भेद आहे: प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर चाचणी-उड्डाणाचा पहिला टप्पा साधारण २५ तासांचा, नसेल तर ४० तासांचा. मला हा भेद रास्त वाटतो. ते जादा तास मला हवेच होते.

लोकांच्या वागण्याचाही अनुभव लिहायला हवा. काउलिंग उघडलं की माणसं जमतात, आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा चेष्टेचा असतो. पण ज्या वृद्ध मेकॅनिकांनी आयुष्यभर लायकमिंग उघडले-जोडले, त्यांनी कधी चेष्टा केली नाही. त्यातल्या एकांनी बराच वेळ वाकून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ही नळी एक्झॉस्टपासून किती लांब आहे? आणि हलल्यावर किती राहते?" मी दुसऱ्या दिवशी तिथे उष्णतारोधक पत्रा लावला. मला असे प्रश्न हवे असतात. 'सुबारू मोटारीचं इंजिन लावलेले किती जण शेवटी लायकमिंगवर परत आले ते पाहा' हे वाक्य मी अनेकदा ऐकलं. परत आलेले बरेच आहेत, हे खरंच आहे. पण ते कशामुळे परत आले हे विचारलं तर उत्तरात गिअरबॉक्स येतो, तापमान येतं, विक्रेता बंद पडला हे येतं. सिलिंडर, पिस्टन क्वचितच.

रोटॅक्सकडे बघा. ९१२ आलं १९८९ च्या सुमारास. स्नोमोबाइलची इंजिनं करणारी कंपनी, ५८०० फेऱ्या, गिअरबॉक्स, निम्मं पाण्यावर थंड होणारं: तेव्हा तेही 'पर्यायी'च होतं आणि त्यालाही हेच सगळं ऐकावं लागलं. आज हलक्या विमानांत ते न मागता गृहीत धरतात. ओव्हरहॉलची, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करायची, मुदत टप्प्याटप्प्याने वाढत २००० तासांवर गेली. ब्लॉक कुठून आला हे लोक विसरले, कारण गिअरबॉक्सपासून तेलाच्या टाकीपर्यंत सगळी जोडणी एकाच कारखान्याने ठरवली, हजारो विमानांत एकसारखी बसवली, आणि बिघाड सापडला की सगळ्यांना सूचना पाठवली.

म्हणून घ्यावं का, असं कुणी विचारलं तर मी उलट विचारतो, उडायचं आहे की बांधायचं आहे? लवकर उडायचं असेल, कुटुंबाला घेऊन लांब जायचं असेल, तर तुमच्या विमानाच्या रचनाकाराने जे इंजिन सांगितलं तेच लावा. दाब मोजत बसण्यात, नळ्यांचे मार्ग तीनदा बदलण्यात खरोखर आनंद वाटत असेल, तर घ्या. मात्र नेमक्या त्याच विमानात, त्याच गिअरबॉक्स आणि प्रोपेलरसह काहीशे तास उडालेला माणूस आधी शोधा, आणि त्याची काउलिंग स्वतः उघडून पाहा. पैसे वाचवायला मात्र घेऊ नका.

मी अजून सोबत कुणाला घेतलं तर विमानतळाच्या जवळपासच राहतो, आणि खाली उतरण्याजोगी जागा नसलेल्या प्रदेशावरून जात नाही. पुढच्या वार्षिक तपासणीत गिअरबॉक्स पूर्ण उघडणार आहे. रबराचं कपलिंग चांगलं दिसलं तरी बदलणार. दातांची आणि बेअरिंगांची अवस्था काय निघाली ते मोजमापांसह इथेच लिहीन.