कमानीची पट्टी उभ्याला जोडताना: अंगची कूस की सुटी?

नौपाड्यातल्या एका जुन्या घरासाठी कमानदार खिडकीची झडप करायची होती. वरची वाकडी पट्टी उभ्याला (झडपेच्या बाजूच्या उभ्या लाकडाला) कशी जोडायची, यावर मी आणि मिस्त्रीकाका दोन चहा होईपर्यंत भांडलो.

काकांचं म्हणणं, पट्टीतूनच कूस (उभ्याच्या खाचेत बसणारी जीभ) काढ. कमान उथळ असेल तर मीही हेच करतो. लाकडाचे रेषे कुशीत सरळ उतरतात, जोड दणकट होतो. फक्त एक पथ्य: कूस आणि खांदे (कुशीच्या मुळाशी उभ्याला टेकणाऱ्या कडा) आधी, फळी चौकोनी असतानाच कापायचे आणि कमान नंतर. एकदा वाक काढला की गुण्या (काटकोन मापायचं हत्यार) टेकवायला कडच उरत नाही.

कमान खोल असली की मात्र गणित फिरतं. पट्टीच्या टोकाशी रेषे तिरके जातात. त्यातून काढलेली कूस आखूड रेषांची होते, आणि ती ठोकताना काडकन तुटते (माझी तुटली आहे, सागवानाची, म्हणून जास्त झोंबलं). तिथे सुटी कूस बरी. दोन्ही लाकडांत खाच घ्यायची आणि सरळ रेषांचा वेगळा तुकडा डिंकाने बसवायचा. जाडी साधारण झडपेच्या एक तृतीयांश, म्हणजे ३६ मिमीला १२. पट्टीही आखूड लागते, लाकूड वाचतं. पण दोन्हीकडच्या खाचा एका रेषेत आल्याच पाहिजेत.

डॉवेलचं, म्हणजे गोल लाकडी खुंटीचं, नाव काढू नका. ठाण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या झडपेला मी ते वापरणार नाही.

आमच्या झडपेची कमान अर्धगोल होती. काका कुरकुरले, पण सुटी कूस त्यांनीच रंधून दिली.