मोटो गुझी ८५० टी३ : आठ महिने, ६,४०० किलोमीटर

माझी टी३, म्हणजे मोटो गुझी या इटालियन कंपनीची व्ही आकारात दोन सिलिंडर असलेली मोटरसायकल, १९७८ची आहे. हातात आली तेव्हा ती चालू होती, पण आधीच्या मालकांनी हौसेने केलेले बरेच बदल अंगावर घेऊन आली होती. एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) गायब, ब्रेकचं मूळ कनेक्शन तोडलेलं, वायरिंगला जागोजागी काळी टेप. गेल्या आठ महिन्यांत मी काही बदल काढून टाकले, काही नवे केले आणि ६,४०० किलोमीटर चालवून मग हे लिहायला बसलो. माझं मत आधीच सांगतो. या गाडीत सर्व्हिसिंग सोपं करणारा किंवा जुनी दुखणी मिटवणारा बदल टिकतो. ताकद वाढवायच्या नादात केलेला बदल महिन्याभरात परत उतरवावा लागतो.

यामागचं कारण गाडीच्या मांडणीतच आहे. १९७१च्या व्ही७ स्पोर्टसाठी गुझीचे इंजिनिअर लिनो तोंती यांनी जी फ्रेम आखली, तीच पुढे टी३ला मिळाली. त्याआधीच्या व्ही७मध्ये दोन सिलिंडरच्या मधे वर जनरेटर बसायचा, त्यामुळे फ्रेम उंच ठेवावी लागायची. तोंतींनी त्याच्या जागी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर दिला, तो क्रँकच्या पुढच्या टोकाला नेला आणि वरची नळी थेट व्हीच्या खोबणीत खाली आणली. खालच्या दोन्ही नळ्या बोल्टने जोडलेल्या आहेत. क्लचचं काम निघालं की त्या सोडायच्या, इंजिन जॅकवर टेकवायचं आणि फ्रेम मागून उचलून इंजिनापासून अलग करायची. मी हे एकदा एका मदतनिसाच्या साथीने केलं. सगळा दिवस गेला, पण कुठेही हातोडी लागली नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावणं, तर घरबसल्या होतं. हेड दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असल्याने टाकी काढायचीही गरज नाही. थंड इंजिनावर इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींना ०.२२ मिमीचं फीलर गेज जरा घासत जाईल असं ठेवायचं. अर्ध्या तासात दोन्ही बाजू होतात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका बल्बने. पहिल्याच महिन्यात मी डॅशमधले सगळे बल्ब काढून एलईडी टाकले. उजेड छान पडला, मनही खूश झालं. आठवड्याभरात बॅटरी बसायला लागली. मी बॅटरी बदलली, रेग्युलेटर बदलला, अर्थिंगच्या तारा घासून चकचकीत केल्या. मग अल्टरनेटरचं कव्हर काढून रोटरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) दोन स्लिप रिंगवर, म्हणजे त्याला करंट देणाऱ्या कड्यांवर, मल्टिमीटर धरला. ३ ते ४ ओहमच्या मधे रीडिंग आलं, म्हणजे रोटर शाबूत. दोष निघाला चार्जिंगच्या लाल दिव्यात! या बॉश अल्टरनेटरच्या रोटरमध्ये कायमचं चुंबक नाही. चावी फिरवल्यावर लाल दिव्यातून जो थोडा करंट रोटरला जातो, त्यानेच तो चुंबक बनतो आणि चार्जिंग सुरू होतं. एलईडी इतका कमी करंट ओढतो की रोटर जागाच होत नाही. जुना फिलामेंटचा बल्ब परत बसवला, इंजिन जरा रेस केलं आणि बॅटरीवरचं रीडिंग १२.१ वरून १४.१ व्होल्टवर गेलं. म्हणून लाल दिव्याचा बल्ब गेला की तो फक्त इंडिकेटर समजून बदलणं पुढे ढकलू नका. तो उडाला तर चार्जिंगच थांबतं. बाकीचे एलईडी मी ठेवलेत. हेडलाइटला स्वतंत्र रिले दिल्यापासून स्विच गरम होत नाही, हा बदल डोळे झाकून करावा असा आहे.

इग्निशन मूळचं मारेल्ली डिस्ट्रिब्युटरचं, प्रत्येक सिलिंडरला वेगळा पॉइंट (स्पार्कसाठी करंट तोडणारा छोटा स्विच). दोन्ही पॉइंटचं गॅप आणि टायमिंग एकमेकांना धरून लावणं हे चिकाटीचं काम आहे. मी पाच महिने ते केलं आणि मग पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक पिकअप बसवला. थंडीत सेल्फ पटकन घेतो, आयडलिंग घड्याळासारखं. पण टायमिंग पहिल्यांदा लावताना चूक झालीच. बेलहाउसिंगच्या भोकातून फ्लायव्हीलवर डी आणि एस अशा खुणा दिसतात. डी म्हणजे देस्त्रा, उजवा सिलिंडर. एस म्हणजे सिनिस्त्रा, डावा. मी उजव्याचं टायमिंग एसवर जुळवलं. सेल्फ दाबताच इंजिनने उलटा झटका दिला आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की हात थरथरायला लागले. नशिबाने काही तुटलं नाही. आता मी भोकाशेजारी पांढऱ्या रंगाने दोन्ही अक्षरांचे अर्थ लिहून ठेवलेत. डेलॉर्टो व्हीएचबी ३० कार्ब्युरेटरवरही हीच अक्षरं आहेत, सीडी उजवा आणि सीएस डावा, त्यामुळे एकदा पाठ केलं की दोन्हीकडे उपयोग होतो.

कार्ब्युरेटरचा विषय निघालाच आहे तर एअरबॉक्सऐवजी लावतात त्या कोन फिल्टरबद्दल. आवाज जबरदस्त येतो, हे मान्य. पण मेन जेट वाढवून, सुई खालीवर करूनही मधल्या आरपीएमला गाडी अडखळायची. व्हीएचबीला अॅक्सिलरेटर पंप (थ्रॉटल उघडताच जादा पेट्रोल सोडणारा) नाही. थ्रॉटल अचानक उघडला की मिक्स्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि एअरबॉक्स नसला की ते आणखी जाणवतं. जुना एअरबॉक्स शोधून लावला, जेट मूळ मापाचे टाकले, व्हॅक्युम गेजवर दोन्ही बाजू सारख्या केल्या. तिसऱ्या गिअरमधली ती सलग, भरीव ओढ परत आली, आणि खरं सांगायचं तर हीच ओढ मिळावी म्हणून मी ही गाडी घेतली होती.

ब्रेकवर अनेकांशी माझे वाद झालेत. टी३मध्ये तीन डिस्क आहेत. पायाच्या पेडलने मागची आणि पुढची डावी एकदम लागते, हाताच्या लिव्हरने फक्त पुढची उजवी. आधीच्या मालकाने ही जोडणी तोडून पुढचे दोन्ही कॅलिपर हाताच्या लिव्हरवर दिले होते, लिव्हरचा दाब ब्रेक ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर मात्र एका कॅलिपरपुरताच ठेवला होता. लिव्हर पार ग्रिपला टेकायचं. मी मूळची जोडणी परत आणली आणि स्टीलची विणलेली होज टाकली. ब्रेकच्या पाइपमधली हवा काढणं (ब्लीडिंग) किचकट, कारण पेडलपासून डाव्या कॅलिपरपर्यंत पाइप लांब वळसा घेतो. रात्रभर पेडल दाबून बांधून ठेवलं आणि सकाळी परत ब्लीड केलं, तेव्हा कुठे ते घट्ट झालं. आता ओल्या रस्त्यावर नुसतं पेडल दाबलं की गाडी डोकं न वाकवता सपाट बसत थांबते. ज्यांना ही जोडणी तोडून टाकायचीय त्यांनी आधी नव्या होजवर महिनाभर चालवून बघावी, एवढीच विनंती.

इंजिनाच्या मागच्या अंगाला तेल दिसलं तेव्हा मला वाटलं, झालं, सिलिंडरची बेस गॅसकेट गेली. गॅसकेट शाबूत होती. क्रँककेसमधून ब्रीदरकडे जाणारी रबरी नळी उष्णतेने कडक होऊन तडकली होती. ती नजरेला पडत नाही, बोटांनी चाचपावी लागते. इंजिन उघडायच्या आधी ती तपासा.

बाकी थोडक्यात. टायमिंग चेनला स्प्रिंगवाला टेन्शनर बसवला, पुढून येणारी खडखड गेली. ऑइल फिल्टर सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या पॅनच्या) आत असल्याने पॅन उतरवूनच बदलावा लागतो. बाहेरून फिल्टर काढता येईल असा सम्प मिळतो, पण मी अजून घेतलेला नाही, कारण पॅन उघडल्यावर तळाशी काय साचलंय ते बघायला मिळतं. त्या काळच्या सिलिंडरला आतून क्रोमचा थर असायचा आणि तो सुटून तेलातून बेअरिंगपर्यंत जाऊ शकतो. पहिल्याच ऑइल बदलात मला पॅनमध्ये दोन चकचकीत पापुद्रे सापडले. लगेच हेड उतरवलं, डाव्या सिलिंडरच्या वरच्या कडेला नखाएवढा थर उडालेला दिसला. आता निकासिलचे (क्रोमऐवजी निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर असलेले) सिलिंडर आणि नवे पिस्टन बसवलेत. त्यानंतर २,१०० किलोमीटर झाले आणि गेल्या रविवारी पॅन उघडला तर तळाशी स्वच्छ तेलाशिवाय काही नव्हतं.