लडाखसाठी कार्ब की एफआय?

स्वतःची मोटरसायकल लेहला न्यायची ठरली की हा वाद निघतोच: कार्ब (कार्ब्युरेटर, हवा-पेट्रोल यंत्राने मिसळणारा जुना प्रकार) की एफआय (फ्युएल इंजेक्शन, सेन्सर बघून पेट्रोल सोडणारा नवा प्रकार)? मी दोन्ही नेल्यात. आधी मिककार्ब या कार्ब्युरेटरची जुनी बुलेट, नंतर एफआयवाली रॉयल एनफिल्ड हिमालयन.

एफआयला चढ जाणवत नाही असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. खारदुंगला खिंडीत (पाटीवर 18,380 फूट, खरी उंची 17,600च्या आसपास) हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथे दोन्ही गाड्यांना धाप लागते. फरक एवढाच की एफआयचा सेन्सर दाब ओळखून पेट्रोलही आखडतं घेतो. कार्बला यातलं काही कळत नाही; तो ओतत राहतो, प्लग काजळतो आणि सकाळी किक मारून पाय भरून येतो.

कार्बवर उपाय आहेत: मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर लहान, निडलची (पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच वर, एअर स्क्रू (हवेचा स्क्रू) थोडा बाहेर. तिन्हींनी पेट्रोल हवेच्या मानाने कमी होतं. पण मनाली-लेह रस्ता एकसारखा चढत नाही ना! बारालाचा खिंड 16,000 फूट, सर्चूला 14,000पर्यंत उतरायचं, मग नकीला, लाचुंगला या खिंडी, खाली पांगचा मुक्काम आणि पुढे तंगलंगला खिंड 17,480. जेट नक्की कुठल्या उंचीचं लावायचं? पांगला तंबूबाहेर कार्बची वाटी (खालचा पेट्रोल साठणारा भाग) उघडली तेव्हा बोटं आधीच बधिर, त्यावर गार पेट्रोल, आणि तांदळाएवढं पितळी जेट धुळीत पडलेलं. ते शोधून बसवलं, तंगलंगला झकास चढला. लेहला 11,500 फुटांवर उतरलो तर गाडी स्लोला राहीना, म्हणजे थांबल्यावर इंजिन बंद पडायचं. पुन्हा पाना. या कटकटीनंच माझं मत बनलं.

जास्त हवा मिळावी म्हणून एअर फिल्टर काढून टाकायचा सल्लाही मिळेल. पांगच्या पुढच्या मोरे प्लेन्स पठाराची धूळ बघा आणि मग ठरवा.

कार्बच्या बाजूनं एक गोष्ट खरी: बॅटरी मेली तरी जुनी बुलेट किकवर उठते. एफआयचा पंप बॅटरीशिवाय हलत नाही, आणि कॅनमधल्या गाळमिश्रित पेट्रोलचं त्याला वावडं. त्यामुळे स्वतः गाडी उघडायची हौस असेल तर कार्ब वाईट नाही. मला विचाराल तर बॅटरी नवी टाका, पेट्रोल कापडातून गाळून भरा आणि एफआय न्या. घरात कार्बचीच गाडी असेल तर मात्र मूळ जेट खिशात ठेवा आणि मनालीच्या खाली उतरण्याआधी ते परत बसवा. लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) गाडी पंजाबच्या उन्हात पळवली तर पिस्टन धरतो, म्हणजे तापून अडकतो.