बेळगावच्या उद्यमबागेतल्या मामांकडून मॉडेल रेल्वे रंगवून घेतली, त्याचा रिव्ह्यू

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एचओ स्केलच्या छोट्या मॉडेल गाड्या बाळगणारे आपण मोजकेच, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, रंग कुणाकडून करून घ्यायचा. कुरिअरने पुण्याला नाहीतर बेंगळूरला पाठवायचं तर बफर, पायऱ्या, हँडरेल धड परत येतील याचा भरवसा नाही, आणि इथल्या कार पेंटिंगवाल्याला दिलं तर तो हाताला लागेल तो एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर वापरणार. या गाड्यांच्या पॉलिस्टायरिन प्लास्टिकवर एनसी थिनर पडला की प्लास्टिकच विरघळतं, एका मित्राच्या वॅगनची अख्खी बाजू अशीच सुरकुतली. म्हणून मामांबद्दल सविस्तर लिहितोय. वर्कशॉपला बोर्ड नाही, मूळ धंदा मशीनच्या नेमप्लेटी आणि टचअपचा, मॉडेलची कामं ओळखीतनंच येतात.

मी हॉबी प्रदर्शनासाठी तीन आयसीएफ डबे (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धाटणीचे प्रवासी डबे) दिले होते, विटकरी रंगातनं निळ्यात करायला, शिवाय कोळशाच्या काही बॉक्सएन (वरनं उघड्या) वॅगन आणि थ्रीडी प्रिंट बॉडीचं एक डब्ल्यूडीजी-४, म्हणजे मालगाडीचं डिझेल इंजिन.

गेल्या गेल्या मामांनी विचारलं, "गाडी कुठल्या सालातली करायची हाय? ते सांगा, मग रंगाचं बघू." मला हे फार आवडलं कारण बहुतेक जण नुसतं निळा का लाल एवढंच विचारतात. दक्षिण पश्चिम रेल्वे सुरू झाली २००३ ला, त्याआधी हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेत होता, म्हणजे डब्यावरची अक्षरं सालाप्रमाणे बदलतात. मी २००५ सांगितलं. मग त्यांनी त्या काळातले फोटो मागितले, तेही उन्हातले आणि ढगाळ हवेतले वेगवेगळे, कारण मोबाईलच्या एका फोटोवरनं निळ्याची छटा पकडता येत नाही.

आता रंगाच्या जाडीबद्दल, कारण माझ्या मते खरे पैसे त्याचेच आहेत. एचओ म्हणजे १:८७. मॉडेलवर रंगाचा थर ०.१ मिलिमीटर बसला तर खऱ्या डब्यावर जवळजवळ ९ मिलिमीटर जाडीचा लेप दिल्यासारखं होतं, खिडकीच्या कडा, दाराच्या फटी सगळं बुजतं आणि साडेचोवीस सेंटिमीटरचा सुंदर डबा खेळण्यासारखा दिसायला लागतो. मामा जुन्या रंगावर रंग मारतच नाहीत. आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बॉडी भिजत ठेवून मऊ टूथब्रशने जुना रंग पूर्ण काढतात, मग ग्रे प्रायमर, मग ०.३ च्या नोझलच्या एअरब्रशने अ‍ॅक्रिलिकचे पातळ पातळ हात. माझ्या डब्यांच्या खिडक्यांच्या सळ्या आता आधीपेक्षा जास्त उठून दिसतात, खोटं नाही सांगत. इंजिनाच्या बॉडीवर प्रिंटच्या रेघा होत्या, तिथे फिलर प्रायमर देऊन पाणी लावून पॉलिश पेपरने घासलं, बॉनेटच्या जाळ्यांना मात्र पेपर लावला नाही, तिथल्या रेघा तशाच ठेवल्या आणि ते बरोबरच केलं, नाहीतर जाळीच गेली असती.

खिडक्यांचा फिकट निळा पट्टा म्हणजे आयसीएफ डब्याची परीक्षाच असते. मास्किंग त्यांनी रेडियम कटिंगच्या प्लॉटरवर कापून घेतलं आणि कडेवर आधी खालचाच गडद निळा मारून फट बंद केली, त्यामुळे नंतरचा फिकट रंग टेपखाली शिरलाच नाही, भिंग लावून बघितलं, कड सुरीने कापल्यासारखी सरळ आहे. अक्षरं वॉटर डिकलची (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ स्टिकरची), आधी चकचकीत ग्लॉस क्लिअर, मग डिकल, मग ते नीट बसवणारं सेटिंग सोल्युशन, शेवटी बिनचमकीचं मॅट लॅकर. अक्षरांभोवती चंदेरी कडा कुठेच नाही. निळा त्यांनी फोटोपेक्षा किंचित फिकट ठेवला, लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद दिसतो म्हणून, आणि हॉलच्या ट्यूबलाइटखाली बघितल्यावर पटलं.

खरं सगळ्यात भारी काम बॉक्सएनचं. मुरगावचा कोळसा घेऊन कुळेहून कॅसलरॉकला १:३७ चा घाट चढून, मागं बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावून ज्या गाड्या लोंढ्यात येतात त्या आपण लहानपणापासून बघतोय, त्यांच्यावरची घाण परदेशी व्हिडिओतल्या राखाडी-तपकिरी वेदरिंगसारखी (मॉडेल वापरून मळलेलं दिसावं म्हणून केलेल्या कामासारखी) नसतेच. आत आणि वरच्या काठाला कोळशाची काळी पूड, खालच्या अंगाला खानापूर-लोंढ्याची तांबडी माती, आणि चाकांजवळ ब्रेकच्या भुकटीचा गंज. मामांनी हे तीन थर वेगळे ठेवलेत, एकात एक मिसळले नाहीत. तांबड्यासाठी मातीच वस्त्रगाळ करून पिगमेंटमध्ये घातली. प्रदर्शनात एक निवृत्त गार्ड काका त्या वॅगनसमोर बराच वेळ वाकून बघत होते आणि "पावसाळा संपल्यावरची गाडी हाय ही" म्हणाले, ते ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

आता न आवडलेलं. प्रवासी डब्यांची छपरंही वॅगनच्याच हाताने काळी केलीत, एक्स्प्रेसच्या डब्याला एवढं नको होतं, पुढच्या वेळी आधीच सांगून ठेवणार. एका डब्याच्या कपलरमध्ये (डबे जोडायच्या आकड्यात) रंग जाऊन पिन अडकत होती आणि वळणावर डबा सुटायचा, ते मला प्रदर्शनाच्या आदल्या रात्री साफ करावं लागलं, ही गोष्ट त्यांनी डबा देण्याआधी तपासायला हवी होती. चाकांवर मात्र रंगाचा कण नाही, रुळातनं करंट घ्यायला काही अडचण आली नाही.

डब्याला ९०० रुपये घेतले, वेदरिंगचे वेगळे. फुकट नाही, खरं या कामाला मला जास्त वाटत नाहीत. फोनवर दर सांगत नाहीत, मॉडेल हातात घेऊनच सांगतात. जून ते सप्टेंबर ते मॅट मारत नाहीत कारण आपल्याकडच्या दमट हवेत मॅट लॅकर पांढुरकं पडतं, त्यामुळे गणपतीच्या आसपास प्रदर्शन असेल तर काम मे महिन्यातच उरकून घ्या. आणि देताना काचा, बोगी (खालचे चाकांचे सांगाडे), दिवे, डेकोडर (गाडी चालवायचं आतलं सर्किट) सगळं घरी काढून ठेवून नुसती बॉडी द्या, काढण्याची जबाबदारी ते घेत नाहीत. कपलर तर आठवणीने काढाच.